त्रैराशिक

वर्गात हजेरी चालू होती आणि मी डोळे उघडे ठेवून झोपले होते. ही विद्या माझ्या अंगी तीन महिन्यांत बाणली आहे. सरांनी ३७ नंबर पुकारला. पुन्हा पुकारला. तिसऱ्या वेळी शेजारणीने कोपर मारलं आणि मी ताडकन ताठ बसून अत्यंत गोड आवाजात म्हणाले, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

वर्ग फुटला. सर मात्र शांत होते. चष्मा काढून पुसत म्हणाले, "मदत करायचीच आहे तर ताणाला शरीर कसा प्रतिसाद देतं, त्याचे तीन टप्पे सांग." 'कृपया लाइनवर राहा' हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते, ते गिळले.

आमच्या अभ्यासक्रमात या सत्रात 'ताण आणि समायोजन' नावाचं प्रकरण आहे. त्याचा अभ्यास मी बहुतेक आरशात बघूनच करते. ते तीन टप्पे म्हणजे धोक्याची घंटा, प्रतिकार आणि मग गळून जाणं. हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून ही मांडणी केली. कुणाला गारठ्यात ठेवलं, कुणाला जखम केली, कुणाला दमवलं. त्रास कुठलाही असो, उंदरांची शरीरं साधारण एकसारखीच कुरकुरली. हे वाचून मला उंदरांचा हेवा वाटला. निदान एका वेळी एकच त्रास द्यायचा, एवढी माणुसकी सेल्येने दाखवली होती.

माझ्याकडे तीन आहेत आणि तिन्ही मी स्वतःच्या तोंडाने 'हो' म्हणून घरी आणलेले आहेत. पहिला 'हो' कॉलेजला. तो सगळेच म्हणतात, त्याबद्दल तक्रार नाही. दुसरा नोकरीला. संध्याकाळी सहा तास कानाला हेडसेट लावून बसायचं आणि ज्यांचं इंटरनेट बंद पडलंय त्यांना 'एकदा बंद करून चालू करून बघा' असं सांगायचं. (बऱ्याचदा चालू होतंही. स्वतःवर हा उपाय करून बघायला मला अजून वेळ मिळालेला नाही.) तिसरा 'हो' कॉलेजच्या नाटकाला. "तू नुसती विंगेत बस आणि प्रॉम्प्ट कर. काही करायचंच नाहीये त्यात," असं दिग्दर्शक म्हणाला होता. ज्या कामात काही करायचं नसतं ते काम आठवड्याचे पंधरा तास खातं, हा माझा स्वतंत्र शोध आहे.

परवा न राहवून हिशेबाला बसले. आठवड्याचे तास १६८. यात कुणाचीच वशिलेबाजी चालत नाही. झोप रोजची आठ तास धरली, म्हणजे ५६. कॉलेज ३४, नोकरी ३६, येणं-जाणं १४, तालीम १५, अभ्यास १४ आणि आंघोळ, जेवण, धुणं, हरवलेली किल्ली शोधणं मिळून १४. बेरीज आली १८३. पुन्हा केली. १८३च. म्हणजे मी दर आठवड्याला पंधरा तासांची कर्जबाजारी आहे आणि हे कर्ज निमूटपणे झोपेच्या खात्यातून फेडलं जातं. यात मोबाईल अजून धरलेलाच नाही. तो धरला असता तर दिवाळखोरीच जाहीर करावी लागली असती.

मग मी वेळापत्रक केलं. नुसतं नाही, चार रंगांच्या पेनांनी. रात्री नऊला बसले, साडेबाराला उठले. त्या साडेतीन तासांत जर्नलची तीन प्रॅक्टिकल्स लिहून झाली असती, पण मग वेळापत्रक कुठून आलं असतं? हिरवा कॉलेजचा, लाल नोकरीचा, निळा नाटकाचा, आणि जांभळा 'स्वतःसाठी वेळ', गुरुवारी ९.१० ते ९.२५. मागचा अनुभव गाठीशी असूनही पुढच्या कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो, असं कानेमन आणि ट्वेर्स्की या जोडीने १९७९ साली लिहून ठेवलंय. हे मला पाठ आहे. मागच्या परीक्षेत त्यावर टीप होती, चांगले गुणही पडले होते. आणि तरीही मी सहा प्रॅक्टिकल्सना एक रविवार दुपार दिली.

ती दुपार सांगते. कुणीतरी सांगितलं होतं की पंचवीस मिनिटांचा गजर लावायचा, तेवढ्यात फक्त एक काम, मग पाच मिनिटं सुट्टी. गजर लावला. पहिली चार मिनिटं जर्नल शोधण्यात गेली. ते उशीखाली होतं. समास आखला, 'उद्दिष्ट' लिहून त्याखाली रेघ मारली. तेवढ्यात दारात आई.

"तुझं चाललंय ना? चालू दे. मी काही बोलत नाही. फक्त एवढंच सांग, मागच्या आठवड्याचा फॉर्म भरलास का?"

"कुठला फॉर्म?"

"अगं, तोच, ज्याची शेवटची तारीख होती."

'होती' हा शब्द ऐकल्यावर माझं मन त्या फॉर्मच्या मागे गेलं ते परत आलंच नाही. मग गजर वाजला. पाच मिनिटं सुट्टी म्हणून फोन हातात घेतला. तो खाली ठेवला तेव्हा खोलीत अंधार पडला होता आणि आई दिवा लावून म्हणत होती, "झाला वाटतं अभ्यास?"

ताण घालवण्याचे उपायही करून झाले आहेत. श्वासोच्छ्वास शिकवणारं एक अ‍ॅप घेतलं. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस खरंच बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी शिफ्टमुळे राहून गेलं, तर रात्री अकराला अ‍ॅपचा निरोप: 'आज तुम्ही शांत झाला नाहीत!' पुढे उद्गारचिन्ह. चौथ्या दिवशी दोन निरोप आले. आता शांत होणं हेही माझ्या थकबाकीत जमा आहे.

होम्स आणि राहे या दोघांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीला ताणाचे गुण दिले होते. जोडीदाराच्या मृत्यूला पूर्ण १००. मी माझे गुण मोजायला घेतले. वरिष्ठांशी बिनसणं २३, कामाच्या वेळा बदलणं २०, झोपेच्या सवयी बदलणं १६. सुट्टीवर जाण्यालाही १३ गुण आहेत, तेवढा ताण घ्यायला मी आनंदाने तयार आहे. एका ओळीवर मात्र अडले. 'लक्षणीय वैयक्तिक यश: २८'. त्या आघाडीवर मी पूर्णपणे तणावमुक्त आहे.

खरी कुरतड असते ती अर्धवट राहिलेल्या कामांची. पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अपुरी कामं डोक्यात जास्त राहतात, असं ब्ल्यूमा झायगार्निक या बाईंनी १९२७ साली मांडलं. नंतर सगळ्यांनाच हा निष्कर्ष तसाच मिळाला नाही, असं सर म्हणतात. त्यांनी प्रयोग माझ्यावर करावा. यावर उताराही त्याच प्रकरणात आहे: ते काम कधी आणि कसं करायचं हे नेमकं लिहून काढा, काम न होताही मन बरंचसं मोकळं होतं. २०११ साली तसे प्रयोग झालेत. म्हटलं, हे आपल्या सोयीचं आहे. काम न करता सुटका! त्या रात्री शिफ्टहून आल्यावर हाताला लागेल त्या कागदावर मी सगळी कामं लिहून काढली आणि खरोखरच गाढ झोपले.

हाताला लागलेला कागद नाटकाच्या स्क्रिप्टमधला होता. शेवटच्या प्रवेशाचं पान, पाठकोरं.

दुसऱ्या दिवशी पूर्ण तालीम होती. शेवटचा प्रवेश. वडील मरून पडलेले, मुलगा गुडघे टेकून बसलेला, मोठा भावनिक पॉज. हा पॉज आहे की हा विसरलाय, हे ओळखणं म्हणजे प्रॉम्प्टरची खरी कला. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं. विसरला होता. मी विंगेतल्या मिणमिणत्या उजेडात पान वर धरलं आणि दिसलं ते दबक्या आवाजात वाचलं.

आमचा नायक गुणी मुलगा आहे. दिलेलं वाक्य तो कधी तपासत नाही. वडिलांचा हात छातीशी धरून, गळा दाटून येऊन तो म्हणाला, "बाबा... गुरुवारच्या आत जर्नल पूर्ण करायचंय!"

क्षणभर कुणीच हललं नाही. मग मेलेले वडील कोपरावर रेलून उठले आणि म्हणाले, "आयला, माझंही राहिलंय."

प्रकाशयोजनेवाल्याने वरून ओरडून विचारलं, गुरुवार हा की पुढचा? 'हा' म्हटल्यावर दिवे फटाफट लागले. दिग्दर्शकाने आधी कपाळावर हात मारला, मग सॅकमधून स्वतःचं जर्नल काढलं. त्याचं तर मुखपृष्ठसुद्धा कोरं होतं. अर्ध्या तासात सगळा संच रंगमंचावर पालथा पडून समास आखत होता. पट्टी एकच, ती हातोहात फिरत होती.

तेवढ्यात माझ्या फोनवर टीम लीडरचा मेसेज आला. "शनिवारी जादा शिफ्ट जमेल का? फक्त चार तास."

अंगठा सवयीने 'ह'वर गेला आणि तिथेच थांबला. पुढचं काही सुचेना. मृत वडील शेजारीच आलेख काढत होते. त्यांनी मान वर न करता, तोंडातल्या तोंडात, मी विंगेतून करते अगदी तसं प्रॉम्प्ट केलं, "नाही म्हण. नाही."

मी टाइप केलं, "बघते."