डबीत पिन आहे का, मालक?

सोलापुरात कुणाच्या पँटचा खिसा फुगलेला दिसला, की बघणारा काही विचारत बसत नाही. तंबाखू, नाहीतर मावा. माझ्या खिशात मात्र प्रथमोपचाराची चपटी डबी असते. चिकटपट्ट्या, गॉज, क्रेप बँडेज, बेटाडीनची ट्यूब, पॅरासिटामॉल, ओआरएसचं पाकीट, चिमटा, बोटभर कात्री, सेफ्टी पिना आणि रक्तगट लिहिलेला कागद. हे सगळं त्यात बसवणं म्हणजे दिवाळीत हुतात्मा एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात सहकुटुंब शिरणं.

परवा ट्यूबचं टोपण सैल झालं आणि पांढऱ्या सदऱ्यावर तांबूस-पिवळा ओघळ उतरला. सासऱ्यांनी चष्मा वर करून विचारलं, "मावा कधीपासून?" मी डबी उघडून दाखवली. बायको म्हणाली, "अहो, निदान खोटं तरी पटेल असं बोला."

चिकटपट्टीची वेगळीच तऱ्हा. ही पट्टी 1920 साली अमेरिकेत अर्ल डिक्सन या गृहस्थांनी शोधली. त्यांची बायको स्वयंपाक करताना बोट कापून घ्यायची, म्हणून. शोध चांगलाच आहे, पण त्यांनी मे महिन्यात सोलापूरला येऊन ती पट्टी दुपारभर स्कूटरच्या डिकीत ठेवून बघायला हवी होती. पारा त्रेचाळीसच्या वर गेला, की तिचा डिंक कातडी सोडून कागदावर जीव लावतो. म्हणून तर डबी डिकीत न ठेवता खिशात वागवायची. औषधांनाही ती भट्टी सोसत नाही. भाजलेल्या जागी टूथपेस्ट न फासता ती वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरावी, हेही मला पाठ आहे. पण आमच्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळं भाजून घ्यायचं ते पाण्याची पाळी बघून.

आता खरी आणीबाणी. एसटी स्टँड, भर दुपार, धोतरातले एक आजोबा चक्कर येऊन खाली बसले आणि तिथंच कलंडले. मी डबी काढेपर्यंत गर्दीनं निदान करून टाकलं होतं. एक जण कांदा शोधायला पळाला, दुसऱ्यानं नाकाला लावायला स्वतःची चप्पल काढली. ती चप्पल बघता धडधाकट माणूसही आडवा झाला असता. मी 108 ला फोन लावून पत्ता सांगायला लागलो, तर मागून तिघं तीन वेगळे पत्ते सांगत होते, त्यातला एक कन्नडमधून.

मग ओआरएस. पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं आणि हातात होती अर्ध्या लिटरची बाटली.

"अख्खं टाका की मालक, जोर येईल."

"कमी पाण्यात अख्खं टाकलं तर क्षार जास्त होतात हो."

"मग अर्धं टाका."

"अर्धं अंदाजानं कसं मोजणार?"

"बघा! पुडी आहे खिशात, पण द्यायचं मन नाही."

तसंही माणूस पुरता शुद्धीवर आल्याशिवाय तोंडात काही घालायचं नसतं, पण ते ऐकतो कोण. हा वाद मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये रंगात आला असताना एका भाजीवाल्या मावशीनं आजोबांना सावलीत ओढलं, पाय गाठोड्यावर टेकवले, खांद्यावरचा सोलापुरी टॉवेल भिजवून अंगावर टाकला आणि वर्तमानपत्रानं वारा घालायला सुरुवात केली. शास्त्रातसुद्धा नेमकं हेच लिहिलंय. आजोबांनी डोळे उघडले, उठून बसले. तोवर लिटरची बाटली आली, मी रीतसर पाकीट फोडून विरघळवलं. त्यांनी दोन घोट घेतले आणि म्हणाले, "साखर कमी पडली."

खरी मागणी आहे ती पिनांची. झोळी करून हात गळ्यात अडकवताना लागतील म्हणून त्या ठेवलेल्या. अजून एकाही हातानं त्याची वेळ आणलेली नाही. पण गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत, एका तरुणाच्या पांढऱ्याशुभ्र बाराबंदीचा बंद तुटला आणि गर्दीतून कुणीतरी माझ्याकडं बोट केलं. एवढ्या माणसांत माझा खिसा यांना ठाऊक कसा, देव जाणे. तेव्हापासून पेठेत बातमी आहे. लग्नात पदराला पिन, पोराच्या तुटलेल्या चपलेला पिन. रात्री दहा वाजता बेल वाजली म्हणून धडपडत, हातमोजे चढवतच दार उघडलं, तर शेजारच्या काकू परकराची नाडी घेऊन उभ्या. ओवायला पिन हवी होती.

ती पिन काही परत आली नाही. आठवड्यानं त्यांच्याकडून चार शेंगापोळ्या आल्या, वर तुपासकट. सोबत निरोप होता, "पुढच्या वेळी मोठ्या साइजची ठेवा म्हणावं, ही मधेच निसटते."