शहरासाठी जावई पाहिजे

आपल्या शहरात कारखाने यावेत, पोरांना नोकऱ्या लागाव्यात असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर आधी रस्ते, पाणी, वीज असल्या किरकोळ गोष्टींवरून लक्ष काढून घ्या. त्या घरच्या माणसांच्या कटकटी आहेत. बाहेरून येणारा उद्योग हा घरचा माणूस नव्हे, तो जावई. जावई म्हणजे दहावा ग्रह असं जुनी माणसं सांगून गेली आहेत, आणि ग्रहाला खड्डे दाखवायचे नसतात, त्याची शांत करायची असते. या शांतीला सरकारदरबारी 'प्रोत्साहन' म्हणतात.

मी पुण्याचा असल्यामुळे सल्ला देण्याचा अधिकार मला जन्मतःच आहे. शिवाय माझा एक मावसभाऊ भोसरीत प्रेसशॉप चालवतो: अकरा माणसं, चार पॉवर प्रेस आणि एक म्हातारं लेथ मशीन. तो या विषयातला कोणी तज्ज्ञ नाही. पण लेखात अधूनमधून येईल, कारण जावई आल्यावर घरचा मुलगा कुठे बसतो हेही सांगावं लागतं.

पहिला प्रश्न, जावई बघायचा कुठे? घराजवळ मुळीच नको. २०२५च्या जानेवारीत आपलं सरकार दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेला गेलं आणि १५ लाख ७० हजार कोटींचे करार करून आलं. त्यातला पहिलाच करार कल्याणी समूहाशी झाला, गडचिरोलीतल्या प्रकल्पासाठी. समूह पुण्याच्या मुंढव्याचा, सरकार मुंबईचं, प्रकल्प गडचिरोलीचा आणि सही स्वित्झर्लंडच्या बर्फात. मुंढव्याहून मंत्रालयात जायचं तर घाटात अडकण्याची भीती असते, हे मी समजू शकतो. पण खरं कारण वेगळं आहे. पाहण्याचा कार्यक्रम घरी ठेवला तर घर दिसतं. हॉटेलात ठेवला की फक्त पोहे दिसतात.

कागदाचं नाव मात्र बिनचूक ठेवलेलं आहे, 'सामंजस्य करार'. सामंजस्य एवढंच की नंतर कुणी कुणाला विचारायचं नाही. २०१८च्या 'मॅग्नेटिक महाराष्ट्र' या गुंतवणूक परिषदेत असे ४,१०६ करार झाले, रक्कम १२ लाख कोटींच्या पुढे. तुम्हीही करार करताना आकडा लाख कोटींतच सांगा. साध्या कोटींत सांगितलं तर लोक हिशोब करायला बसतात.

आता देण्याघेण्याकडे वळू. आपल्या राज्यात 'सामूहिक प्रोत्साहन योजना' १९६४पासून आहे. तिचा मूळ हेतू ऐकाल तर हसाल. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात गर्दी होतेय, उद्योगांनी जरा मागास भागात जावं, म्हणून ही योजना. त्यासाठी तालुक्यांना अ, ब, क, ड, ड+ असे वर्ग दिले. जितका तालुका मागे तितकं ताट मोठं. पुण्याचा आसपास 'अ' वर्गात, म्हणजे तुम्ही खाऊनपिऊन सुखी, तुम्हाला काय द्यायचं? पण गुंतवणूक पुरेशी मोठी असली की प्रकल्प 'विशाल' ठरतो. आणखी मोठी असली की 'अतिविशाल'. मग त्याच्यासाठी वेगळं पॅकेज शिजतं आणि तालुक्याचं अक्षर पुसट होतं. माणूस मोठा असला की त्याला पंगतीचा नियम लागू होत नाही, हे तुम्ही कोणत्याही लग्नात पाहिलंय.

पॅकेजमध्ये असतं काय? मुद्रांक शुल्क माफ, वीज शुल्क माफ, आणि मुख्य पक्वान्न म्हणजे जीएसटीचा परतावा. हा प्रकार समजून घ्या, कारण त्यात तुमचाही सहभाग आहे. तुम्ही चाकणात बनलेली एखादी गाडी घेता, किमतीबरोबर जीएसटी भरता. त्यातला राज्याचा वाटा मुंबईला जातो, तिथे जरा दम खातो आणि त्यातला ठरलेला हिस्सा अनुदान म्हणून ज्याने गाडी विकली त्याच्याकडे परत येतो. म्हणजे लग्नात तुम्ही केलेला आहेर यजमानाने परस्पर जावयाच्या खिशात घातला. वाईट वाटून घेऊ नका, पाकिटावर नाव तुमचंच होतं.

माझा मावसभाऊ नवं मशीन घ्यायचं म्हणून एका कार्यालयात चौकशीला गेला होता. काचेपलीकडच्या साहेबांनी सांगितलं, "तुम्ही अ वर्गातले. विकसित भाग. तुम्हाला फारसं काही नाही." हा बाहेर आला आणि मला फोन करून म्हणाला, "अरे, आपण विकसित आहोत. तुझ्या वहिनीला कळव, मला सांगायचं धाडस होत नाही."

तुम्ही महापालिकेत असाल तर तुमच्या हातात काय आहे? खरं सांगायचं तर चटई. पूर्वी जकात होती. गाडी नाक्यावर थांबायची, पैसे मोजायची. त्या जकातीवर पिंपरी-चिंचवड आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका म्हणून मिरवायची. २०१३मध्ये जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला. २०१५मध्ये बहुतेकांसाठी एलबीटीही गेली आणि २०१७मध्ये जीएसटीने उरलासुरला हिशोब वर नेला. आता कमाई वर जाते आणि खाली भरपाई येते. त्यामुळे शहराने द्यायचं म्हणजे चटईक्षेत्र, इंग्रजीत एफएसआय: जमिनीच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा. आयटी धोरणात वाढीव एफएसआय दिला, मिळकतकर निवासी दराने, वीज उद्योगाच्या दराने. एफएसआय देणं फार सोपं, कारण तो हवेतून काढून देता येतो. त्याच जमिनीवर दुप्पट माणसं बसतात. ती माणसं सकाळी तिथे पोहोचणार कशी, हा प्रश्न हवेतला नसल्यामुळे तो धोरणात येत नाही.

इथे थोडं थांबू, कारण हिंजवडी हा या शास्त्राचा पाठ्यपुस्तकातला धडा आहे. हिंजवडी पुणे महापालिकेत नाही, पिंपरी-चिंचवडमध्ये नाही. आयटी पार्क एमआयडीसीचं, गाव ग्रामपंचायतीचं, प्रदेश पीएमआरडीए या प्रादेशिक विकास प्राधिकरणाचा आणि रस्ता ज्याचा त्याने शोधावा. कुणाच्याच घरात नसलेली इतकी मोठी खोली दुसऱ्या कुठल्या शहराला जमली असेल असं वाटत नाही. फायदा असा की पाऊस पडून रस्त्याचा ओढा झाला की प्रत्येक खातं छातीवर हात ठेवून सांगू शकतं, हा ओढा आमचा नव्हे. शिवाजीनगरपर्यंतच्या २३ किलोमीटर मेट्रोचं भूमिपूजन २०१८च्या डिसेंबरात झालं, त्यानंतरचे कित्येक पावसाळे लोकांनी खांबांखाली काढले. तुमच्या शहरातही असंच करा. आधी इमारती, मग माणसं, मग गाड्या, मग आंदोलन आणि सर्वांत शेवटी रस्त्याचं रुंदीकरण. क्रम चुकवू नका. रस्ता आधी झाला तर भूमिपूजनाला गर्दी कुठून आणणार?

विमानतळाचंही असंच. आमच्याकडे लोहगाव आहे, ते हवाई दलाचं. म्हणून नवा विमानतळ आधी चाकणला होणार होता, आता पुरंदरला व्हायचाय. विमान उतरलेलं नाही, पण जमिनीचे भाव केव्हाच उडाले.

एखादं स्थळ हातचं गेलं तर काय करायचं, हे मात्र पुण्याजवळच्या तळेगावकडून शिका. २०२२च्या सप्टेंबरात वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला चालल्याची बातमी आली आणि आपल्याकडे जो आकांत झाला, तसा घरचं माणूस गेल्यावरही होत नाही. दीड लाख कोटी गेले, एक लाख नोकऱ्या गेल्या, हे म्हणजे न झालेल्या लग्नाची पोटगी मागण्यासारखं होतं. दहा महिन्यांनी, २०२३च्या जुलैत, फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतलं. तेव्हा कुणी रडलं नाही, कारण रडून झालं होतं.

या जावयाची पत्रिका आधीच उपलब्ध होती, पण आपण पत्रिका बघतो ती मुलांच्या लग्नात, कंपन्यांच्या नाही. २०१५मध्ये त्याच फॉक्सकॉनने महाराष्ट्राशी ५ अब्ज डॉलरचा करार केला होता. तो कारखाना मला अजून दिसलेला नाही, तुम्हाला दिसला तर कळवा. २०१७मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्याने त्यांच्यासाठी सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलतींचं ताट वाढलं. बदल्यात १३,००० नोकऱ्या मिळणार होत्या. रस्ते रुंद केले, लोकांची राहती घरं उठवली. २०२१मध्ये नवा करार झाला, त्यात आकडा होता १,४५४. अमेरिकनांचं एक मात्र मानलं पाहिजे, नोकऱ्या घटल्यावर त्यांनी ताटही लहान केलं. आपल्याकडे वाढलेलं पान काढून घेणं असभ्य समजतात.

आलेला जावई निघून गेला तर? त्याचीही तयारी ठेवा. केंद्राने २००३मध्ये उत्तराखंडसाठी सवलती जाहीर केल्या: उत्पादन शुल्क दहा वर्षं माफ, प्राप्तिकर पहिली पाच वर्षं माफ. २००७मध्ये तिथल्या पंतनगरला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी त्यांच्या पुण्याजवळच्या आकुर्डीतलं दुचाकींचं उत्पादन थांबलं. ज्या आकुर्डीच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, तिथली लाइन डोंगरापलीकडच्या माफीने शांत झाली. यात कंपनीची चूक काढू नका. तुम्हीच तर 'जो जास्त देईल त्याच्या घरी' हा खेळ मांडलाय. आता शेजाऱ्याने जास्त दिलं तर पंचांकडे जाऊ नये.

तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना २००८मध्ये सुरू झाला, २०२०च्या डिसेंबरात बंद पडला. मागे हजारावर कामगार आणि कोर्टाच्या तारखा. बंद पडायच्या आधीच एका चिनी कंपनीने हात पुढे केला होता. २०२०च्या जूनमध्ये सरकारशी करार झाला आणि त्याच महिन्यात गलवानला चीनशी चकमक. शेवटी ह्युंदाईने तो कारखाना घेतला. शेड तीच, जमीन तीच, पाटी नवी. बातमीत मात्र 'नवी गुंतवणूक' असंच लिहावं, पुनर्विवाहाला आपल्याकडे अजून संकोच आहे.

नोकऱ्यांचं विचारताय? अनुदान घेणाऱ्या उद्योगाने ८० टक्के स्थानिक माणसं घ्यावीत असा आपला नियम आहे. नियम उत्तम आहे, फक्त स्थानिक कशाला म्हणतात हे तुम्हाला नीट कळायला हवं. स्थानिक म्हणजे ठेकेदार. गेटवर माणसं पुरवण्याचा ठेका स्थानिक, बसचा स्थानिक, कॅन्टीनचा स्थानिक, पाण्याच्या टँकरचा स्थानिक आणि सगळ्यांत गोड म्हणजे भंगाराचा ठेका. ज्या कंपनीच्या पायाचा दगड अजून आलेला नाही, तिच्या भंगाराचा मालक आधी ठरतो. रात्री नऊ वाजता पांढऱ्या गाडीतून चौघे जण 'ओळख करून घ्यायला' आले की परदेशी मॅनेजरला कळतं, सिंगल विंडो ती हीच. ज्याची जमीन गेली त्याचा मुलगा मात्र सहा-सहा महिन्यांच्या करारावर 'ट्रेनी' असतो. चाळिशीतले ट्रेनी मी स्वतः पाहिले आहेत. शिकण्याला वय नसतं.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगू नका. १९१० साली बेळगावच्या नगरपालिकेने लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांच्या कारखान्याची जागा सोडायला लावली. औंध संस्थानच्या राजाने त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने आणि सापांनी भरलेला माळ दिला. परतावा नाही, माफी नाही, चटई नाही. वर शब्द दिला आणि पाळला. असली उदाहरणं समोर आली तर लोक विचारू लागतील, पुण्यात उद्योग आले कशाने? मग १८५४ पासूनचं इंजिनिअरिंग कॉलेज निघेल, पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघेल, मुंबईचं बंदर जवळ असणं निघेल, आणि एखादा आगाऊ माणूस म्हणेल की जर्मन कंपन्या इथे येतात त्या भोसरीत एका फोनवर डाय, म्हणजे पार्टाचा साचा, दुरुस्त करून देणारी माणसं आहेत म्हणून. असं झालं तर तुमच्या पॅकेजची किंमत काय राहिली?

त्या माणसांपैकीच एक माझा मावसभाऊ. तो पार्ट पुरवतो एका बड्या कंपनीला, म्हणजे थेट नाही, तिला पुरवणाऱ्याला पुरवणाऱ्याला. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६चा. याचे चौथ्या महिन्यात येतात. मागायला गेलं की समोरचा म्हणतो, वरून आले नाहीत. वरचा म्हणतो, आमचा सरकारकडून परतावा अडकलाय. म्हणजे जावयाचा मानपान थकला की घरच्या मुलाची भाकरी थकते. घराचा हिशोब एकच असतो.

त्याच्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. गेल्या हिवाळ्यात दुसऱ्या एका राज्याच्या अधिकाऱ्यांनी पुण्यातल्या पंचतारांकित हॉटेलात गुंतवणूकदारांचा मेळावा भरवला. भाऊ जेवायला म्हणून गेला. गुलाबजाम संपवून त्याने उगाच विचारलं, "तुमच्याकडे गुरुवारी लाइट असते का हो?" समोरच्या तरुण अधिकाऱ्याने वही काढली, प्रश्न लिहून घेतला, नाव विचारलं, किती माणसं, किती प्रेस, डाय कुठे बनवता, सगळं लिहिलं. येताना भाऊ नाशिक फाट्याला दीड तास अडकला आणि विसरून गेला.

तो अधिकारी विसरला नाही. त्याचा फोन आता दर गुरुवारी सकाळी येतो. प्रेस बंद असतात, त्यामुळे दोघांनाही निवांत बोलता येतं.