पाळी जड जाते, हे बाईला आधी सांगा

तांबीवरचा, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून पिशवीत बसवायच्या कॉपर-टीवरचा, तुमचा लेख वाचला. तांबीत हार्मोन नसतात, म्हणून गर्भनिरोधक गोळ्या न सोसणाऱ्या बायकांना ती सोयीची, हे त्यातलं म्हणणं पटलं. पण पाळीत अंगावरून जास्त जातं, हे लेखात एका ओळीत उरकलंय. आमच्या सोलापुरात पूर्व भागात दिवसभर मांडी घालून विड्या वळणारी बाई त्या चार दिवसांत कशी बसणार, याचा विचार व्हायला हवा. पहिले ३ ते ६ महिने कळा आणि रक्तस्राव वाढतो, पुढे बहुतेकींना तो कमी होतो. एवढं आधी कळलं नाही तर बाई घाबरून दुसऱ्याच पाळीला तांबी काढायला जाते. ज्यांचं रक्त मुळात कमी आहे, त्यांनी हिमोग्लोबिन तपासूनच ठरवावं.

मी धाकटीच्या वेळेनंतर बसवली. बसवताना एक जोराची कळ आली, काही मिनिटांत सगळं झालं. 'ती वर काळजात चढते,' असं नणंदबाई अजून म्हणतात. पिशवीला इजा होऊन तांबी पोटात सरकणं फार क्वचित घडतं, आणि काळजापर्यंत तर वाटच नाही.

सरकारी दवाखान्यात ती फुकट बसवतात. तिचे दोन प्रकार असतात: ३८०ए असेल तर १० वर्षं चालते, ३७५ असेल तर ५. तांबीचं कार्ड मागून घ्या आणि जपून ठेवा. पाळी चुकली, ताप आला, घाण वासाचं पाणी जाऊ लागलं किंवा तांबीचा दोरा बोटाला लागेनासा झाला, तर त्याच दिवशी दाखवा.