किर्गिझस्तानबद्दलच्या त्या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘किर्गिझस्तानात मुली शिकायला पाठवणाऱ्या पालकांनो, वेळीच जागे व्हा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश येऊन पडला. माझी भाची तिथल्या राजधानीत, बिश्केकमध्ये, वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षात आहे. माझ्या आईने, म्हणजे तिच्या आजीने, तो रात्री झोपण्यापूर्वी वाचला आणि पहाटेपर्यंत तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी सहाला तिने माझ्या धाकट्या बहिणीला फोन करून ‘पोरीला आधी परत आण’ असा धोशा लावला. मी २६ वर्षे शाळेत भूगोल शिकवला आहे. नकाशा उघडून दोन मिनिटे पाहिले असते तरी ज्यातले निम्मे कोसळले असते, असा मजकूर शिकल्यासवरल्या माणसांनी एकमेकांना धाडावा आणि त्यापायी ७८ वर्षांच्या बाईने रात्र जागून काढावी, याचा मला मनापासून राग आला आहे.

संदेशातले दावे थोडक्यात असे: किर्गिझस्तान हा रशियाचाच भाग असून तिथे शिकणाऱ्या परदेशी मुलांना युद्धावर पाठवतात, तो तेलावर श्रीमंत झालेला वाळवंटी देश आहे, तिथे शरियतचा कायदा चालतो, मुलीला पळवून नेऊन तिच्याशी लग्न करण्याची तिथे कायद्यानेच मुभा आहे, तिथे सरकार असे नाहीच, झुंडीचे राज्य आहे आणि २०२४ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना ठार मारून ते प्रकरण दडपले गेले, सगळा देश आपल्या मुलांच्या फीवर जगतो, आणि तिथली पदवी भारतात रद्दीच्या भावाची आहे. तेलावर श्रीमंत झालेला देश आपल्या मुलांच्या फीवर कशाला जगेल, एवढा प्रश्नही लिहिणाऱ्याला पडलेला नाही.

भूगोलापासून सुरुवात करते, कारण तो लवकर आटोपतो. किर्गिझस्तान ३१ ऑगस्ट १९९१ रोजी स्वतंत्र झाला. रशियाशी त्याची सीमा कुठेही भिडत नाही. मध्ये कझाकस्तानसारखा अवाढव्य देश आहे. उरलेले शेजारी म्हणजे उझबेकिस्तान, ताजिकिस्तान आणि चीन. समुद्र कुठल्याच बाजूला नाही. सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरचा हा देश जवळजवळ सगळाच डोंगराळ असून त्याची सरासरी उंची २,७५० मीटरच्या आसपास आहे. तिएन शान पर्वतरांगेतले त्याचे सर्वोच्च शिखर ७,४३९ मीटरचे आहे. इसिक कूल हे सहा हजार चौरस किलोमीटरहून मोठे तळे तिथे साधारण १,६०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याच्या जवळपास उंचीवर पसरले आहे आणि कडाक्याच्या थंडीतही ते गोठत नाही. याला वाळवंट म्हणणाऱ्याने त्या देशाचे एक छायाचित्रही पाहिले नसावे. तेलाचे म्हणाल तर मोठे साठे शेजारच्या कझाकस्तानात आहेत. किर्गिझस्तान आपले बहुतेक इंधन रशियाकडून विकत घेतो आणि त्याची वीज मुख्यतः नारिन नदीवरच्या तोक्तोगुलसारख्या धरणांतून येते.

रशियाच्या बाबतीत अर्धे सत्य आहे, ते मान्य करते. बिश्केकजवळ कांत येथे २००३ पासून रशियाचा हवाई तळ आहे, देश रशियाप्रणीत लष्करी करारात आहे आणि २०१५ पासून युरेशियन आर्थिक संघाचा सदस्य आहे. रशियन ही तिथली अधिकृत भाषा आहे, तर किर्गिझ ही राज्यभाषा. पण ज्या देशात परक्या सैन्याचा तळ असेल तो त्या परक्याचा प्रांत होतो, असे धरले तर जगाचा नकाशा निराळाच काढावा लागेल. त्याच बिश्केकजवळच्या मानस विमानतळावर २००१ पासून २०१४ पर्यंत अमेरिकेचा तळ होता. आणि भारतीय पारपत्रावर शिकायला आलेल्या मुलांना किर्गिझस्तानने रशियाच्या युद्धावर पाठवायचे, ते कोणत्या कायद्याने, हे सांगण्याची जबाबदारी संदेश लिहिणाऱ्याची आहे.

आता ज्या दाव्याने आईची झोप उडाली, त्याकडे येते. ‘मुलगी पळवून लग्न करण्याची कायद्याने मुभा.’ किर्गिझ भाषेत या प्रकाराला ‘आला काचू’ म्हणतात. अर्थ सरळ आहे, उचलायचे आणि पळायचे. हा प्रकार तिथे घडतो, आजही घडतो, आणि तो भयंकर आहे. हे लपवून मला कोणाची समजूत काढायची नाही. मात्र तो कायदेशीर आहे, हे धडधडीत खोटे आहे. सोव्हिएत काळातही तो गुन्हा होता आणि स्वातंत्र्यानंतरही गुन्हाच राहिला. जानेवारी २०१३ मध्ये तिथल्या दंडसंहितेत दुरुस्ती होऊन कमाल शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षे करण्यात आली आणि मुलगी सतरा वर्षांखालची असेल तर दहा वर्षे. २०१६ मध्ये अल्पवयीन मुलीचा धार्मिक विधीने निकाह लावणेही गुन्हा ठरले. कायद्यातली ही कलमे कोणालाही वाचता येतात.

दुखणे आहे ते अंमलबजावणीत. माझी भाची पहिल्या वर्षी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होती त्या बाईंना ती ‘एजे’ म्हणते; किर्गिझमध्ये वयाने मोठ्या बाईला तसेच म्हणतात, आपण ताई म्हणतो तसे. या एजेंच्या धाकट्या बहिणीला एकोणिसाव्या वर्षी असेच नेले होते. त्या घरातल्या बायकांनी तिच्या डोक्यावर पांढरा रुमाल बांधण्यासाठी तासन् तास झटापट केली आणि ती दाराकडे धावली तेव्हा घरातली सर्वांत म्हातारी बाई उंबऱ्यावर आडवी झोपली. म्हातारीला ओलांडून गेलेल्या मुलीला शाप लागतो, अशी समजूत आहे. मुलगी उंबऱ्याशी थांबली आणि मग तिथेच राहिली. हे सांगताना एजे चहाच्या वाटीकडे पाहत होत्या, असे भाचीने मला फोनवर सांगितले. पोलिसांत जाण्याचा विषयही त्या घरात निघाला नव्हता. मुलीच्या आईवडिलांना बदनामीची भीती अधिक होती. कायदा पुस्तकात आणि उंबरा घरात, अशी ती अवस्था आहे, आणि हुंड्याविरुद्ध १९६१ पासून कायदा असलेल्या देशातल्या आपल्यासारख्यांना ती समजायला अवघड जाऊ नये.

मे २०१८ मध्ये पळवून नेलेल्या वीस वर्षांच्या एका वैद्यकीय विद्यार्थिनीला, पोलिसांनी सुटका करून ठाण्यात आणल्यानंतर, त्याच ठाण्यात तिच्या अपहरणकर्त्याने भोसकून मारले, कारण पोलिसांनी दोघांना एकत्र सोडले होते. त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २०२१ मध्ये बिश्केकच्या रस्त्यावरून भरदिवसा नेलेल्या तरुणीचा मृतदेह दोन दिवसांनी सापडला, तेव्हा लोक गृहमंत्रालयासमोर निदर्शनांना उभे राहिले आणि त्यांत तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या. ‘तिथे हे कायदेशीरच आहे’ असे लिहिणारा माणूस या मुलींच्या लढ्यावर बोळा फिरवतो. दावा नुसता चूक नाही, तो अपहरण करणाऱ्यांच्या सोयीचा आहे. आपले कृत्य गुन्हा नसून परंपरा आहे, असे तेही म्हणतात. या प्रथेचा रोख मुख्यतः त्यांच्याच समाजातल्या मुलींवर असतो, हेही आईला सांगितले. पण माझी भाची सुरक्षित आहे म्हणून एजेंच्या बहिणीचे दुःख माझ्या लेखी कमी होत नाही.

शरियतचा मुद्दा एका दस्तऐवजाने संपतो. एप्रिल २०२१ मध्ये सार्वमताने मंजूर झालेल्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात देशाचे वर्णन लोकशाही, धर्मनिरपेक्ष आणि कायद्याचे राज्य असलेला देश असे आहे, आणि कोणताही धर्म राज्याचा किंवा सक्तीचा धर्म होऊ शकत नाही, असेही तीच घटना म्हणते. बहुसंख्य लोक सुन्नी मुसलमान आहेत. सुमारे ७० लाख लोकसंख्येत तीन-चतुर्थांशांच्या आसपास किर्गिझ, साधारण १५ टक्के उझबेक आणि उरलेले रशियन, दुंगान (मूळचे चीनमधले मुसलमान), ताजिक वगैरे आहेत. देशाच्या नावातल्या ‘स्तान’ला घाबरणाऱ्यांना सांगते की तो मूळ फारसी प्रत्यय आपल्या ‘स्थान’ या शब्दाचाच सख्खा भाऊ आहे. आणि २०१० च्या उलथापालथीनंतर या देशाचे अध्यक्षपद रोझा ओतुनबायेवा या बाईंनी सांभाळले व २०११ च्या अखेरीस निवडून आलेल्या अध्यक्षाकडे ते शांततेने सोपवले.

सरकार नाही, हे खोटे. सरकार वारंवार उलथते, हे खरे. २००५ मध्ये अकायेव, २०१० मध्ये बाकियेव आणि २०२० मध्ये जीनबेकोव, असे तीन अध्यक्ष रस्त्यावरच्या उठावांनी गेले. जून २०१० मध्ये ओश शहरात किर्गिझ आणि उझबेक यांच्यातल्या दंगलीत चारशेहून अधिक माणसे मेली. आज अध्यक्ष सादिर जापारोव यांच्या हाती सत्ता पूर्वीपेक्षा पुष्कळच एकवटली आहे आणि पत्रकारांवर खटले भरले जात आहेत. या देशाची काळजी करायची तर ती झुंडशाहीपेक्षा या एकाधिकाराची करावी.

मे २०२४ बद्दल मात्र नीट ऐका, कारण तो आठवडा आमच्या घराने श्वास रोखून काढला आहे. १३ मे रोजी एका वसतिगृहात स्थानिक तरुण आणि परदेशी विद्यार्थी यांच्यात मारामारी झाली. तिची चित्रफीत पसरली आणि १७ मेच्या रात्री बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. डझनावारी माणसे जखमी झाली. भारतीय वकिलातीने मुलांना घराबाहेर न पडण्याची सूचना दिली. भाची आणि तिच्या दोन मैत्रिणींनी दिवे मालवून, दाराला कपाट लावून ती रात्र काढली. माझी बहीण फोन कानाला लावून बसली होती आणि पलीकडून कुजबुजण्याशिवाय काही ऐकू येत नव्हते. त्यामुळे तिथे काही झालेच नाही, असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु विद्यार्थी ठार झाल्याच्या बातम्या तेव्हाच अफवा ठरल्या. किर्गिझ सरकारने त्या नाकारल्या आणि ज्यांच्या विद्यार्थ्यांची नावे त्यात गोवली गेली त्या पाकिस्तानच्या सरकारनेही फेटाळल्या. त्या रात्री जमाव पेटला तो एका फिरत्या चित्रफितीमुळे, हे विसरून तशीच अफवा आज पुन्हा फिरवणाऱ्यांना काय म्हणावे?

फीवर जगणाऱ्या देशाविषयी थोडक्यात. आपली चौदा-पंधरा हजार मुले तिथे असतील. त्यांच्या फीचा महाविद्यालयांना आणि घरमालकांना आधार आहे, हे खरे. पण देशाची मोठी मिळकत दोन ठिकाणांहून येते. एक, सोने: चार हजार मीटरवरच्या कुमतोर खाणीचे, जी कॅनडाच्या कंपनीकडून सरकारने २०२२ मध्ये पूर्णपणे आपल्याकडे घेतली. दुसरे, रशियात बांधकामावर, गोदामांत आणि टॅक्सीवर राबणाऱ्या लाखो किर्गिझ माणसांनी घरी धाडलेला पैसा. बरीच वर्षे तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाव हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक राहिला आहे. आईबापांवाचून आजीआजोबांजवळ वाढणारी मुले तिथल्या खेड्यांत सर्रास दिसतात, ती यामुळेच. याखेरीज मेंढपाळी आहे, शिवणकामाचे कारखाने आहेत आणि जहाजी कंटेनर एकावर एक रचून वसवलेला बिश्केकचा दोर्दोई बाजार आहे.

राहिली पदवी. ती रद्दी नाही आणि आपोआप चालणारीही नाही. १८ नोव्हेंबर २०२१ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता (इंटर्नशिप) हवी, आणि परतल्यावर भारतात डॉक्टरकी करण्याच्या परवान्यासाठीची परीक्षा व भारतातली आंतरवासिता वेगळी. या परीक्षेत परदेशातून शिकून आलेली बहुसंख्य मुले नापास होतात आणि प्रवेश मिळवून देणारे दलाल हे सांगत नाहीत. पालकांनी धास्ती घ्यायची तर ती याची घ्यावी. बहिणीने यांतले महाविद्यालयाच्या हातातले मुद्दे प्रवेशाआधी त्याच्याकडून लेखी मागवले होते. भाचीची आंतरवासिता तिथल्याच रुग्णालयात होणार आहे, आणि रुग्ण किर्गिझ किंवा रशियन बोलतात म्हणून ती सध्या रोज संध्याकाळी तासभर रशियन शिकते आहे.