हसलास कशाला, ते सांग

आमच्या घरात एकट्याने हसायची सोय नाही. तसा नियम कुणी केलेला नाही, पण खोलीत बसून कुणी फिस्सकन हसलं की लगेच दारात कुणीतरी उभं राहतं आणि कारण विचारतं. रडलात तर कोणी विचारायला येत नाही. माणसाला रडायला शंभर कारणं असतात हे घराला मान्य आहे. हसण्याचा मात्र खुलासा द्यावा लागतो, आणि तो ऐकून विचारणाऱ्यालाही हसू यावं लागतं. नाही आलं तर याचं काहीतरी बिनसलंय अशा नजरेने बघून मंडळी आपापल्या कामाला निघून जातात.

बाकीच्यांचं यात अडत नाही. बायको काल्याच्या नाटकात भर प्रवेशात सुटलेली कुणाची तरी मिशी आठवून हसते, आम्हाला सांगते, आम्हीही हसतो. माझी पंचाईत अशी की ज्यांना मी हसतो ते विनोद इंटरनेटवर साधारण १९९८ ते २००८ च्या दरम्यान चालत होते, आणि तेव्हाही ज्यांना कळायचे त्यांनाच कळायचे.

परवा एक साइट चाळत होतो. पडद्यावर ४१८ हा आकडा आला आणि मी हसलो. आई तिकडे आदोळीवर नारळ खवत होती.

"काय झालं रे?"

"काही नाही गं."

"मग हसलास कशाला?"

सांगायला बसलो. आपण एखादं पान मागितलं की पलीकडचा संगणक आकड्यात उत्तर देतो. ४०४ म्हणजे पान सापडत नाही. तसे पुष्कळ आकडे आहेत आणि ते ठरवणारे कागद अगदी सरकारी थाटाचे असतात. १९९८ च्या १ एप्रिलला लॅरी मॅसिंटर नावाच्या गृहस्थाने तसाच एक कागद काढला. विषय, इंटरनेटवरून कॉफीचं भांडं कसं चालवावं. कलमं, पोटकलमं, सगळं व्यवस्थित. त्यात एक तरतूद अशी, की चहाच्या किटलीला कुणी कॉफी करायला सांगितलं तर तिने ४१८ हा आकडा पाठवावा. अर्थ, 'मी चहाची किटली आहे.'

आईने खवणं थांबवलं. "मग चहा करून द्यायला काय झालं तिला?"

पंचवीस वर्षांहून जास्त काळ जगभरचे इंजिनिअर या किटलीला हसत आले. हा प्रश्न कुणाला पडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पुढची गोष्ट मी घाईघाईने उरकली. २०१७ साली कुणीतरी म्हणालं, थट्टा पुरे झाली, हा आकडा सॉफ्टवेअरमधून काढून टाका. त्यावर इतका गलका झाला की २०२२ च्या अधिकृत नियमावलीत ४१८ समोर 'वापरात नाही' असं लिहून तो तसाच राखून ठेवावा लागला. आता दुसऱ्या कुठल्याही कामाला तो सहजी द्यायचा नाही. आई म्हणाली, "चहा टाकते," आणि उठली. तो विनोद होता की विषय संपवणं होतं, ते आईलाच ठाऊक.

बाबांची तऱ्हा वेगळी. ते पोस्टात होते, बरीच वर्षं तारेच्या टेबलावर. त्यांना खुलासा आवडतो, हसू आवडत नाही. व्हॉट्सअॅपवर मी पाठवलेला हसरा चेहरा पाहून त्यांनी एकदा विचारलं, हा प्रकार काढला कोणी? हे मला पाठ आहे. १९ सप्टेंबर १९८२, कार्नेगी मेलन विद्यापीठ, स्कॉट फालमन. तिथली प्राध्यापक मंडळी संगणकावरच्या सूचनाफलकावर आपसांत गंमत करत होती. लिफ्टची दोरी तुटली तर आतल्या पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल, अशी काहीतरी चर्चा. त्यावर एकाने थट्टेने लिहिलं की अमुक लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, सांभाळा. काहींनी ते खरं धरलं. तेव्हा फालमन यांनी सुचवलं की गंमत असेल तिथे विसर्गाची दोन टिंबं, आडवी रेघ आणि कंस काढावा, आणि ते मान वाकडी करून वाचावं.

"म्हणजे विनोद केला हे खाली लिहायचं?"

"हो."

"आमच्याकडे तारेला शब्दागणिक पैसे पडायचे. विनोद कळला नाही तर दोष वाचणाऱ्याचा."

मग मात्र ते खुलले. शुभेच्छांच्या तारेला ठरलेले नंबर असायचे. लग्नाचा एक, दिवाळीचा एक, परीक्षेत पास झाल्याचा एक. पाठवणाऱ्याने नुसता नंबर सांगायचा, पलीकडे पूर्ण वाक्य उमटायचं. बाबांच्या सांगण्यानुसार आमच्या गोव्यातल्या साखळी गावाकडच्या एका नवरदेवाला परीक्षेतल्या यशाबद्दल अभिनंदन गेलं होतं आणि तो मनुष्य त्या वेळी मॅट्रिक नापास होता. हे सांगून बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. खाली विसर्ग नाही, कंस नाही.

आता तरुण पिढी. भाचा बारावीला आहे, शिकवणीसाठी आमच्याकडे असतो, आणि मी त्याला जुनं काही दाखवायला गेलो की त्याच्या चेहऱ्यावर आजारी माणसाला भेटायला आल्यासारखा भाव येतो. त्याला नाचणारे हॅम्स्टर दाखवले. १९९८ मध्ये कॅनडातल्या कलेच्या एका विद्यार्थिनीने आपल्या पाळीव हॅम्स्टरच्या प्रेमापोटी हे पान केलं. चारच चित्रं, तीच पुन्हा पुन्हा, रांगाच्या रांगा नाचतायत, आणि मागे १९७३ च्या एका कार्टून सिनेमातल्या शिट्टीच्या गाण्याची चाल वेग वाढवून लावलेली. १९९९ मध्ये हे पान जगभर फिरलं.

"आणि मग?" भाच्याने विचारलं.

"मग काही नाही. ते नाचतात."

"पुढे काय होतं, मामा?"

"पुढे नाचतात."

त्याचा अंगठा स्क्रीनवर खालून वर सरकला. हल्ली करमलं नाही की पोरं जग वर सरकवतात.

आता याला कसं सांगू, की ते हॅम्स्टर मी फोंड्याला तिस्कावरच्या सायबर कॅफेत पाहिले तेव्हा ते एकदम आले नव्हते. आधी नुसत्या चौकटी आल्या, लाल फुल्यांच्या. मग वरची रांग आली, हलेना. मग दुसरी. शेजारच्या केबिनमधला कोणीतरी पडदा सारून बघायला आला. बाहेर ढग गडगडायला लागले. पावसाळ्यात टेलिफोनच्या तारेवरून वीज येऊन मॉडेम जळायचं, म्हणून कॅफेवाला पहिल्या गडगडाटाला वायर उपटायचा आणि वर पूर्ण तासाचे पैसे घ्यायचा. तो उठला, वायरीकडे निघाला, आणि तेवढ्यात तिसरी रांग नाचायला लागली! आम्ही सगळे ओरडलो, "राव रे, राव!" आणि तो खरंच थांबला. हा विनोद होता. निदान अर्धा विनोद तो कॅफेवाला होता.

ऑर्कुटचंही तसंच. ते सोशल नेटवर्क २००४ ला आलं आणि २०१४ च्या सप्टेंबरअखेरीस बंद पडलं. मधल्या काळात त्याचा सर्व्हर दमला की पाटी यायची, वाईट सर्व्हर, तुला डोनट नाही. मी तोवर डोनट खाल्ला नव्हता. पाववाल्या पोदेराच्या पाटीत पाव, उंडे आणि काकणं असायची, डोनट नव्हता. तरी सर्व्हरला तो मिळाला नाही याचं आम्हा सगळ्यांना बरं वाटायचं.

रिकरोलचा प्रयोग गोव्यात तर मुळातच फसलेला आहे. २००७ पासूनची ही खोडी. काहीतरी महत्त्वाचं आहे सांगून दुवा पाठवायचा, आणि उघडल्यावर रिक अॅस्टलीचं १९८७ चं 'नेव्हर गॉना गिव्ह यू अप' सुरू. लोक इतके फसले की २००८ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या थँक्सगिव्हिंगच्या मिरवणुकीत खुद्द रिक अॅस्टली चित्ररथावर अवतरला आणि त्याने सगळ्या शहराला एकदम फसवलं. मी मडगावच्या एका मित्राला दुवा पाठवला, 'सेझाच्या जमिनीची यादी बाहेर आली' असं लिहून. तासाभराने त्याचा फोन. यादीबद्दल अवाक्षर नाही. म्हणाला, "पात्रांव, हे गाणं आमच्या लग्नात वाजलं होतं, बायकोला दाखवलं, ती रडली." सासष्टीत ऐंशीच्या दशकातलं इंग्रजी गाणं लावून कुणाला फसवणार? लोक उठून नाचायला लागतात. भाच्याला पाठवलं तर आधी जाहिरात आली, नंतर गाणं. खोडी आहे हे त्याला कळलंच नाही. चाल बरी आहे म्हणाला आणि आपल्या यादीत टाकलं.

मूळ दुखणं काय आहे ते मला ठाऊक आहे. तेव्हा इंटरनेटवर माणसं थोडी होती आणि बरीचशी विद्यापीठांतली. दर सप्टेंबरात नवी मुलं भरती व्हायची, त्यांना यूझनेट नावाच्या चर्चेच्या फलकांचं दार उघडायचं, आणि ती महिनाभर धुडगूस घालायची. तेच प्रश्न, तेच वाद. जुनी खोडं त्यांना रीतभात शिकवायची आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा सगळं निवळायचं. पुढे कंपन्या घरोघरी इंटरनेट विकू लागल्या आणि लोंढा थांबेचना. तेव्हापासून जुने लोक म्हणतात, १९९३ चा सप्टेंबर अजून संपलेलाच नाही.

गोंयकाराला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडेही सीझन असायचा. ऑक्टोबरात सुरू व्हायचा, मार्चअखेर आटपायचा. पावसात रस्ते आमचे, बाजाराचा तिंटा आमचा, मासळी मिळाली नाही तर नाही मिळाली तीही आपल्या आपल्यात. आता भर जुलैत धबधब्यांच्या रस्त्यावर गाड्या लागतात, ऑगस्टात मांडवीच्या पुलावर भाड्याच्या जीपांची रांग असते, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आधी फोटो काढू द्यायचा, मग मिरच्या घ्यायच्या. माणसं वाईट असतात असं नाही. पण आमच्या वाड्यावर एका म्हाताऱ्याला नुसतं "काय, बैल मिळाला?" विचारलं की देवळाची अख्खी पायरी हसायची. ती बैलाची हकिगत इथे सांगत नाही. तुम्हाला हसू येणार नाही आणि मला आणखी एक खुलासा करावा लागेल.

इतकं सगळं ठाऊक असताना यंदाच्या पावसात मी तक्रार नोंदवणाऱ्या मुलीशी विनोद केला. नेट गेलं होतं. कंपनीला फोन लावला, संगीत ऐकलं, बटणं दाबली, शेवटी ती मुलगी आली आणि हिंदीत विचारू लागली की स्पीड नेमका कसा आहे. मी म्हटलं, कबुतराने पाठवल्यासारखा आहे. आता हे मी हवेतून काढलं नव्हतं. कबुतरांकरवी इंटरनेट चालवण्याचा रीतसर कागद १ एप्रिल १९९० रोजी डेव्हिड वाइट्झमन यांनी लिहिलेला आहे, आणि २००१ साली नॉर्वेतल्या बर्गन गावी काही हौशी लोकांनी तो खराही करून दाखवला. कागदाची गुंडाळी पायाला बांधून कबुतरं सोडली. नऊ संदेश गेले, चारांची उत्तरं आली, त्यातल्या सर्वांत चपळाला जवळजवळ तास लागला आणि सर्वांत आळशाला पावणेदोन तास. हे मी तिला सविस्तर सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "ओके सर, पिजन इश्यू. नोट कर लिया."

दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन एक जण दारात. रेनकोट, गळ्यात वायरींचं वेटोळं, आणि मोबाइलवर आमची तक्रार.

"पारवे खंय आसात?"

मी खुलासा द्यायला तोंड उघडलं, पण बाबा पुढे झाले आणि त्यांनी गंभीरपणे खांबाकडे बोट दाखवलं. मनुष्य चढला. वर खरंच घरटं निघालं, कावळ्याचं, त्यात काटक्यांबरोबर तारेचे तुकडे, आणि खाली जोडाच्या डबीत पाणी. त्याने डबी पुसली, जोड नवा मारला, घरटं रिकामं आहे ते बघून बाजूला सारलं. नेट आलं. संध्याकाळी मेसेज आला, पक्ष्याचा अडथळा दूर केला, सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? बाबांनी माझ्या हातून मोबाइल घेऊन पाच दिले.

चवथीला सगळं गणगोत जमलं. गणपतीच्या माटोळीखाली बसायला जागा नाही, माझ्या खोलीत सात चटया, माझ्या चार्जरवर चार फोन. मी पुटपुटलो, "ऑल युअर बेस आर बिलॉन्ग टू अस." म्हणजे, तुमचे सगळे तळ आता आमचे. हे एका जपानी व्हिडिओ गेमच्या नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी अवतारातलं मोडकं वाक्य, दहाएक वर्षांनी जगभर गाजलेलं. वहिनी म्हणाली, "भावजी, इंग्रजी तरी धड बोला." मी गप्प बसलो.

तेवढ्यात कुणाचा तरी व्हिडिओ अडकला. "नेट गेलं!" पोरं ओरडली. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "कबूतर दमलं असेल." बाबा हसले, बायको हसली, भाचा तर लोळला. सावंतवाडीची आते वाजवायचं घुमट बाजूला ठेवून सगळ्यांकडे बघत राहिली.

"कसलं गं कबूतर?"

सगळे माझ्याकडे वळले. मी घसा खाकरला. "आते, १९९० साली..."

"तू थांब," आई नेवऱ्यांचं ताट घेऊन बाहेर आली. "तुझं लांबतं. अगं, तिकडे नॉर्वेला कबुतरं सोडली होती. नऊ सोडली, चार परत आली. उरलेली पाच आमच्या खांबावर."