लसणीचं तेल, गॅमा नाइफ आणि एक फॉरवर्ड

कानाच्या नसेवर गाठ निघाली तर ‘गॅमा नाइफ’ला, म्हणजे गाठीवर नेम धरून किरणं सोडण्याच्या उपचाराला, अजिबात हो म्हणू नका, असं बजावणारा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. माझ्याकडे तो चारदा आला. सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर आणि दोनदा पेशंटच्या फोनमध्ये. मी ऑडिऑलॉजिस्ट आहे, परळला कान तपासते. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं : ही गाठ म्हणजे कॅन्सरच, किरणं मेंदू भाजतात, पुढे दुसरा कॅन्सर होतो आणि एवढं करून गाठ जागेवरच राहते. त्यापेक्षा कानात लसणीचं तेल घाला.

‘ही गाठ कॅन्सरच असते.’ नसते. आतल्या कानातून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या नसेचे दोन भाग असतात, एक ऐकण्याचा आणि एक तोलाचा. गाठ उगवते ती बहुधा तोलाच्या नसेच्या आवरणातल्या श्वान पेशींतून, म्हणून व्हेस्टिब्युलर श्वानोमा. (श्वान म्हणजे कुत्रा नव्हे, थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं आडनाव. हा प्रश्न मला खरोखर विचारला गेलाय.) ती शरीरात दुसरीकडे पसरत नाही. वाढलीच तर वर्षाला साधारण १-२ मिलिमीटर, आणि बऱ्याच गाठी कित्येक वर्षं आहेत तेवढ्याच राहतात. फक्त जागा वाईट. चेहऱ्याची नस अगदी खेटून जाते आणि गाठ मोठी झाली की ब्रेनस्टेमवर, म्हणजे मेंदूच्या देठावर, रेटा येतो.

‘किरणं मेंदू भाजतात.’ या भीतीचं निम्मं खापर नावावर फोडायला हवं. यात नाइफ कुठेच नाही. स्वीडनच्या लार्स लेक्सेल या न्यूरोसर्जननी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९६९ पासून या गाठींवर ती वापरली जातेय. मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात १९९७ साली गॅमा नाइफ आलं, म्हणजे आपल्याकडेही हा काल-परवाचा प्रयोग नाही. हल्लीच्या यंत्रात कोबाल्ट-६० चे १९२ स्रोत असतात. प्रत्येकातून निघणारा किरण एकटा फार दुबळा असतो. सगळे मिळून जिथे एकत्र येतात तिथेच जोर धरतात. विसर्जनाच्या दिवशी खेतवाडीच्या एखाद्या गल्लीत उभं राहा, एकच मिरवणूक जाते, वाट काढता येते. त्याच सगळ्या मिरवणुका गिरगाव चौपाटीला पोचल्या की पाय ठेवायला जागा नसते. इथे चौपाटी म्हणजे गाठ. डोकं हलू नये म्हणून बहुधा कपाळाला आणि मागे पिनांनी फ्रेम बसवतात, मग एमआरआय काढून नेम धरतात, तोही मिलिमीटरच्या आत. गाठीच्या कडेला सहसा १२-१३ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) डोस मिळतो आणि तिथून काही मिलिमीटरवर तो झपाट्यानं उतरतो. केस सहसा गळत नाहीत. पिनांच्या जागा काही दिवस दुखतात, त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

सुरुवातीच्या काळात डोस यापेक्षा बराच जास्त असायचा आणि तेव्हा चेहरा वाकडा होण्याचे प्रकार खरोखर जास्त घडत. डोस उतरवल्यावर ते क्वचित झाले. मेसेज लिहिणाऱ्यानं कदाचित तेव्हाचं काही ऐकलं असेल.

‘पुढे दुसरा कॅन्सर होतो.’ धोका शून्य आहे, असं कोणीच प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, पाच केंद्रांवर अशी किरणं घेतलेल्या ४,९०५ जणांचा हिशेब मांडला होता. डोक्यात नवा कॅन्सर होणं किंवा साधी गाठ कॅन्सरमध्ये बदलणं याचं प्रमाण निघालं वर्षाला लाखात सुमारे ७. सर्वसाधारण लोकांत मेंदूच्या कॅन्सरचं प्रमाणही साधारण तेवढंच असतं. ज्यांना एनएफ-२ हा आनुवंशिक आजार आहे आणि दोन्ही कानांकडे गाठी आहेत, त्यांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो.

‘गाठ जागेवरच राहते, उलट फुगते.’ यातले शब्द खरे आहेत, अर्थ चुकीचा काढलाय. किरणांनी गाठ काढायची नसते, तिची वाढ थांबवायची असते, आणि दहातल्या नऊहून अधिक जणांत ती थांबते. पहिल्या सहा महिने ते दीड वर्षात ती थोडी सुजू शकते. त्या वेळचा एमआरआय बघून घाबरणारे पुष्कळ असतात. नंतर बहुतेकदा ती पुन्हा बसते. गाठ तीन सेंटिमीटरच्या पुढची असेल किंवा ब्रेनस्टेमला ढकलत असेल, तर मात्र सहसा ऑपरेशनच आधी.

तेलाबद्दल काय बोलायचं? कानाच्या पडद्यापलीकडे ते जात नाही, आणि गाठ पडद्याच्याही पार पलीकडे, कवटीच्या आत असते. माझी आजीही घालायची. मळ मऊ व्हायचा.

आता मेसेजमध्ये जे नाही ते. ऐकण्याबद्दल त्यात एक ओळ नाही, आणि माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांचा खरा प्रश्न तोच असतो. डोंबिवलीहून आलेल्या एक ताई विचारत होत्या, “मॅडम, किरणं घेतली की डाव्या कानानं पुन्हा नीट ऐकू येईल ना?” नाही. गेलेलं सहसा परत येत नाही. आज आहे तेही हळूहळू कमी होत जातं. किरणं घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचं त्या कानाचं कामापुरतं ऐकणं दहा वर्षांत जातं. न घेता थांबलं तरी ते ओसरतंच आणि ऑपरेशनमध्ये तर एका दिवसात जाऊ शकतं. नॉर्वेतल्या एका चाचणीत लहान-मध्यम गाठींच्या १०० जणांचे दोन गट केले होते, अर्ध्यांना लगेच किरणं, अर्धे थांबले. २०२३ मध्ये निकाल आला. चार वर्षांनी पहिल्या गटाच्या गाठी सरासरी मूळ आकारमानाच्या ०.८७ पट होत्या, थांबलेल्यांच्या १.५१ पट. ऐकण्यात दोन्ही गट सारखेच.

म्हणून ताईंना म्हटलं, डॉक्टरांना गाठीची लांबी विचारा, मागच्या एमआरआयपेक्षा वाढली का विचारा, आणि माझा रिपोर्ट सोबत न्या. त्यांची गाठ सेंटिमीटरभर. डाव्या कानाला तपासणीतली ‘पीं’ ऐकू यायची, पण २५ शब्दांतले ११ च बरोबर सांगता आले. आवाज येतो, शब्द कळत नाही, ही या गाठीची जुनी खूण. हॉर्न कुठून वाजला ते कळत नाही म्हणून दादरला रस्ता ओलांडायची भीती वाटते, म्हणाल्या. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करायला सांगितलाय, तोवर वाट बघायची. लोकलमध्ये मैत्रिणी उजव्या हाताला येतील अशी जागा धरायची, हे मी सांगायच्या आधीच त्यांनी शोधून काढलं होतं.