तीन ब्रास माती

घर बांधून झाले, वास्तुशांत झाली, जिना अरुंद असल्याचे पाहुण्यांनी सांगून झाले, आणि मग दर्शनी अंगणाकडे आमचे लक्ष गेले. तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद असा तो तुकडा ठेकेदाराने आमच्या स्वाधीन केला तेव्हा त्यात चिऱ्यांच्या कपच्या, वाळलेल्या सिमेंटची ढेकळे, फरशीचे कोपरे आणि अर्धी चप्पल एवढे सगळे होते. माती मात्र नव्हती. पहार मारली की जांभ्यावरून ती ठणकन उलटी येई आणि मनगटापर्यंत झिणझिण्या जात. पत्नीला तेथे हिरवळ हवी होती आणि कडेने अबोली. नर्सरीतल्या माणसाने हिरवळीला निदान सहा इंच माती लागेल असे सांगितले आणि वर बजावले की भरावाची माती घेऊ नका, ‘वरची’ माती घ्या.

वरची म्हणजे कशाच्या वरची, हे मला त्या दिवशी कळले. जमिनीचा सगळ्यात वरचा अर्धा-एक फूट थर तेवढा माती म्हणण्याच्या लायकीचा असतो. पाने तेथे कुजतात, गांडुळे तेथे नांदतात, मुळे तेथे खातात-पितात. त्याखालचे सारे दिसायला मातीसारखे असले तरी झाडाच्या दृष्टीने ते रिकामे ताट असते. आमच्या गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि मातीतले चुन्यासारखे क्षार धुऊन नेतो. मागे उरते ते लोह. ज्या लाल रंगावर आपण इतके भाळतो, तो या लोहाच्या गंजाचा रंग आहे. एखादा माणूस लालबुंद दिसतो म्हणून आपण त्याला निरोगी समजावे आणि त्याला ताप असावा, तसा हा प्रकार आहे.

मी माती विकत घेणार ही बातमी सावईवेऱ्याच्या मामांच्या कानावर गेली. मामांचे कुळागर आहे. सुपारीखाली केळी, केळीखाली अननस, माडावर चढलेली मिरीची वेल, आणि या सगळ्याच्या तळाशी पिढ्यान्‌पिढ्या कुजत आलेला पाचोळा. “अरे, माती विकत घेतोस?” मामा म्हणाले, “मग उद्या ऊनही मागवशील.” ज्या मुलखात वारुळाला सातेरी देवी म्हणून पूजतात तेथे माझ्या या खरेदीने त्यांना जरा लाजल्यासारखे झाले असावे. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी ते हातात टेप घेऊन हजर झाले. सल्ला देण्याची संधी आमच्या घराण्यात कोणी सोडलेली नाही.

माती ब्रासने मिळते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तीस गुणिले वीस गुणिले अर्धा फूट, म्हणजे तीनशे घनफूट, म्हणजे तीन ब्रास, हा हिशेब सातवीतल्या मुलालाही यावा. परंतु खणून काढलेली माती फुगते आणि पसरल्यावर पावसात पुन्हा बसते, त्यामुळे मागवताना पाचवा हिस्सा अधिक धरावा, असे मामांचे म्हणणे होते. मी तीनवरच अडून बसलो. सुटी माती ब्रासला साडेतीन-चार टन भरते हे मला तेव्हा ठाऊक असते, तर मी बहुधा दोन कुंड्यांवर भागवले असते.

आता प्रश्न विक्रेत्याचा. आठ-दहा फोन केल्यानंतर माझ्या ध्यानात आले की माती विकणारा असा कोणी नसतोच. माती हलवायची घाई झालेला माणूस तेवढा असतो. कोणी तरी पाया खणतो, कोणी विहीर उपसतो, कोणी तळघर काढतो, आणि त्यांच्या डोक्यावरचा बोजा माझ्या अंगणाची शोभा म्हणून सादर होतो. अशा खोल खड्ड्यातून वरची माती निघणार फूटभर आणि खालची निघणार दहा फूट, तेव्हा आपल्या वाट्याला कोणती येईल हे सांगायला ज्योतिषी नको. एका गृहस्थांना मी विचारले, “माती खंयची?” त्यांनी भक्तिभावाने उत्तर दिले, “देवाची.” वास्तविक हा प्रश्न माझ्या भाबडेपणातून आला नव्हता. १९७४ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्यातील १७-अ कलमानुसार परवानगीवाचून डोंगर कापता येत नाही आणि सखल जमीन भरताही येत नाही. माझ्या अबोलीसाठी कोणाची टेकडी नाहीशी व्हावी, अशी माझी इच्छा नव्हती. पण देवाच्या नावापुढे कलम टिकेना, म्हणून मी फोन ठेवला.

अखेर तीन ठिकाणचे नमुने घरी आले. पहिली माती तांबडीभडक होती. मामांनी ती ओलसर करून मुठीत दाबली, तिचा लाडू वळला आणि अंगठ्याने टोचला. चांगल्या मातीचा लाडू बोट लावताच फुटतो. हा फुटेना, उलट अंगठ्याचा ठसा रेषांसकट उमटला. “ही डिचोलीच्या कुंभाराला दे,” असा निकाल मिळाला. दुसरी काळीभोर, मऊ आणि मेणासारखी होती. मी मनातल्या मनात तिच्यावर हिरवळ अंथरूनही मोकळा झालो होतो. मामांनी तिची चिमूट उचलली, जिभेच्या टोकावर ठेवली, क्षणभर डोळे मिटले आणि नळाकडे धावले. खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या शेतातली होती. भरतीचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या सोसलेली ती माती दिसायला कितीही गोजिरी असली तरी तिच्यात मीठ मुरलेले होते. तिसरी माती तपकिरी, भुसभुशीत, आत मुळांचे धागे आणि एक जिवंत गांडूळ असलेली होती. एका जुन्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, घर होणार होते, त्या जागेची ही वरची खरड. गांडूळ पाहून मामांनी ज्या वात्सल्याने मान डोलावली, तसे त्यांना माझ्या मुंजीतही कोणी पाहिले नसेल.

तरीही बाटलीची परीक्षा राहिली होती. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर साबणाची पूड, खळखळून हलवायचे आणि ठेवून द्यायचे: वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयट्याला काही तास लागतात आणि चिकण माती दिवस-दोन दिवस पाणी गढूळ ठेवते. मी तिन्ही बरण्या स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ओळीने मांडल्या. महिना मेचा, त्याच कट्ट्यावर आईने कोकमाचे आगळ भरून ठेवलेले, आणि पहिल्या नमुन्याचे पाणी आगळाशी नाते सांगणारे. दुपारी आईने नारळाचा रस काढला, मिरची-लसूण ठेचली आणि सवयीने बरणीकडे हात नेला. झाकण उघडताच वास आला नाही म्हणून आम्ही वाचलो. एरवी त्या दिवशी जांभ्याची सोलकढी झाली असती. त्यानंतर माझे संशोधन गोठ्याच्या पडवीत हलवण्यात आले.

शेतकी खात्याच्या प्रयोगशाळेतही मी एक पुडी नेली. पाच-सहा ठिकाणची माती घेऊन, एकत्र करून, सावलीत वाळवून, अर्धा किलो न्यावी असा नियम आहे आणि मी तो पाळला. समोरच्या माणसाने अर्ज पुढे ओढून विचारले, “पीक कुठले?” मी म्हणालो, “गवत.” “गुरे किती?” “गुरे नाहीत.” त्याने पेन खाली ठेवले. मी अधिक खुलासा केला की हे गवत वाढले की कापायचे आणि कापले की वाढवायचे. त्याने अत्यंत सहानुभूतीने अर्जावर ‘इतर’ असे लिहिले. अहवालात माती आम्लधर्मी निघाली, सामू (पीएच) साडेपाचच्या आसपास. त्यावर चुना मिसळावा आणि शेणखत पूर्ण कुजलेलेच घालावे, असा सल्ला होता, आणि तो खरोखर उपयोगी पडला.

मातीचा सौदा ठरला तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात. “फाल्यां सकाळीं धाडटां,” विक्रेता म्हणाला. फाल्यां म्हणजे उद्या, हा अर्थ शब्दकोशात आहे. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ आज नाही एवढाच. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि एकदा आला की भरलेला ट्रक आमच्या बोळात शिरण्याऐवजी रुतेल, हे मी रोज सांगत होतो आणि तोही रोज ते मान्य करीत होता. अठराव्या फाल्यांच्या संध्याकाळी, दिवेलागणीला, ट्रक आला.

मी टेप घेऊन हौद्यावर चढलो. आतून लांबी अकरा फूट, रुंदी सात, उंची तीन. म्हणजे दोनशे एकतीस घनफूट. “हे तर सव्वादोन ब्रास झाले,” मी म्हणालो. चालकाने वर बोट दाखवले, “पात्रांव, शीग पळय मरे.” शीग होती हे खरे, परंतु पाऊण ब्रासाची शीग लावायची तर विजेच्या तारांना टेकली असती. पावशेर कोळंबीवर दोन कोळंब्या वर टाकाव्यात त्या औदार्याने तो माझ्याकडे पाहत राहिला. आमचे गणित पुरे होण्याआधीच कोणी तरी दांडा ओढला, हौदा उचलला गेला, आणि ट्रक फाटकातून आत शिरत नसल्यामुळे सगळी माती बोळात, फाटकाला टेकून ओतली गेली. तेव्हा तिचे अंतरंग दिसले. मेमध्ये माणकुराद आंब्यांच्या टोपलीत वरचा थर आणि खालचा थर यांचे जसे नाते असते, तसेच येथे होते: वर भाटातली तपकिरी माती, खाली पायातला तांबडा मुरूम.

सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, पों-पों करीत आला तो ढिगापाशीच थांबला, कारण पुढे सायकल जाईना. त्यामुळे अख्ख्या वाड्याने पाव घ्यायला आमच्या ढिगापाशी यायला सुरुवात केली, आणि आलेल्या प्रत्येकाने पाव काखोटीला मारून मातीचे चिमूटभर परीक्षण केले. शिखरावर एका कुत्र्याने मुक्काम ठोकला. “कितक्याक पडली?” या प्रश्नाला मी खरा आकडा सांगितला की समोरचा हळहळे, आणि कमी सांगितला की त्याला एक ट्रक हवा असे. कामगार मिळेनात, म्हणून मी, मुलगा आणि शेवटी मामाही घमेली घेऊन उभे राहिलो. घमेल्यात जेमतेम घनफुटाचा तिसरा हिस्सा मावतो. साडेतीनशेपर्यंत मुलाने मोजले. पुढे तो अभ्यासाला बसला, आणि तो स्वतःहून अभ्यासाला बसण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. आम्ही मुरूम निवडून तळाला टाकला, जांभा पिकावाने खरवडून घेतला, वर भाटातली माती शेणखत घालून पसरली, आणि पाणी घराकडे न येता गडग्याकडे जावे असा उतार दिला.

हिरवळीचे तुकडे आणायचे तेवढे राहिले होते, आणि पाऊस आला. आठवड्याभरात अंगण हिरवेगार झाले. पत्नी आनंदली, गवत न लावताच उगवले, याचे श्रेयही मला मिळाले. मामांनी वाकून पाहिले. अर्धा लव्हाळा होता, ज्याची गाठ मातीबरोबर येते आणि उपटली की दुप्पट होते. उरलेला अर्धा तायकिळा होता, म्हणजे पावसाळ्यात ज्याची भाजी करतात तो टाकळा.

मी संतापून विक्रेत्याला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतले. “बऱ्या मातींत बरो तायकिळो येता, पात्रांव,” तो म्हणाला. “कोंवळो आसा मरे? म्हाकाय दवरात.” म्हणजे, माझ्यासाठीही ठेवा.

कोवळाच होता. तोवर शेजारची वहिनी सूप घेऊन फाटकात उभी राहिली होती आणि आई आतून विचारीत होती, फणसाच्या आठळ्या कुठल्या डब्यात ठेवल्या आहेत.